दाराची फट

गाडी बघायला निघाले तेव्हा पर्समध्ये दोनच गोष्टी घेतल्या होत्या: टॉर्च आणि फ्रिजवरचा गणपती. गणपती म्हणजे मिरजेहून आणलेला छोटा चुंबक. तो पत्र्याला चिकटतो, लांबीला, म्हणजे भोकं बुजवायच्या पुट्टीला, चिकटत नाही. ‘जुनी गाडी घेताना आधी चुंबक फिरव, मग मालकाशी बोल,’ असं बाबांनी फोनवर बजावलं होतं.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीपासून तासाभराच्या अंतरावर एका शेतातल्या शेडमध्ये ती उभी होती. ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क फोर, १९७४ सालची. दोन माणसांची, कापडी टपाची, उंची जेमतेम माझ्या छातीपर्यंत. रंग तांबडा, पण कुणीतरी घाईत मारलेला. दाराखालच्या भागाचं वेल्डिंग अलीकडेच करून घेतलंय, असं मालक म्हणाले. गणपती दारावर बसला, मागच्या मडगार्डवर बसला, डिकीवर बसला. दाराखाली लावला आणि घसरून मातीत पडला. उचलून पुन्हा लावला, पुन्हा पडला. दुसऱ्या बाजूलाही तेच.

दाराखालच्या या लांब पोकळ पेटीला इथं सिल म्हणतात. मी पहिल्यापासून उंबराच म्हणत आले. दोन्ही उंबरे गेलेले आहेत हे मला तिथंच कळलं होतं. तरी मी गाडी घेतली, कारण त्यानंतर मालकांनी बोनेट उघडलं.

स्पिटफायरचं बोनेट पुढच्या बंपरपाशी बिजागरीवर फिरतं. मडगार्ड, दिवे, सगळं नाक एका तुकड्यात पुढं कलंडतं आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं तिन्ही बाजूंनी उघडी पडतात. असं उघडणारं बोनेट मी याआधी एकाच गाडीचं पाहिलं होतं. माझे आजोबा मिरजेत डॉक्टर होते. त्यांनी १९६९ मध्ये स्टँडर्ड हेराल्ड घेतली, मद्रासजवळच्या वंडलूरच्या कारखान्यात बनलेली, ९४८ सीसीची, चार दारांची. चालवायचे आजोबा आणि दुरुस्त करायचे बाबा. गाडी १९८४ मध्ये विकली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला त्या गाडीतला प्रवास आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बोनेट पुढं झुकलेलं आहे, बाबा पुढच्या टायरवर बसलेत, पाय इंजिनाच्या बाजूला सोडलेत आणि मला म्हणताहेत, ‘पाना दे गं, बारीक.’

शेडमध्ये मी तशीच त्या टायरवर बसून पाहिलं. १,८०० पौंड सांगत होते, १,४०० ला ठरली. मार्च २०१९.

स्पिटफायर ही हेराल्डचीच बहीण आहे, हे मला तेव्हा अर्धवट माहीत होतं. दोन्हींचं रूप इटलीच्या जोवान्नी मिकेलोत्तीनं काढलं. हेराल्ड १९५९ मध्ये आली. तिचेच भाग घेऊन, चेसिस आखूड करून, एक स्वस्त स्पोर्ट्स कार करायची ठरलं आणि मिकेलोत्तीनं नमुनाही बनवला. पण स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीकडं पैसे नव्हते, म्हणून तो कापडाखाली झाकून एका कोपऱ्यात ठेवून दिला. १९६१ मध्ये ट्रक बनवणाऱ्या लेलँडनं कंपनी ताब्यात घेतली, नव्या लोकांनी कारखान्यात फेरी मारताना ते कापड उचललं, आणि १९६२ च्या लंडन मोटर शोमध्ये गाडी लोकांसमोर आली. १९८० पर्यंत तीन लाखांहून जास्त स्पिटफायर बनल्या. त्या बनल्या कॉव्हेंट्रीतल्या कॅनलीत. माझ्या घरापासून कॅनली गाडीनं दहा मिनिटांवर आहे.

माझी नोकरी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधली आहे. दिवसभर स्क्रीनसमोर. पाना हातात धरायची सवय सुटून वीस वर्षं झाली होती आणि वेल्डिंग तर कधीच केलं नव्हतं. एका कॉलेजात संध्याकाळचा दहा आठवड्यांचा मिग वेल्डिंगचा वर्ग होता, तो केला. उंबऱ्याचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. करंट थोडा जास्त झाला की भोक पडतं, कमी झाला की टाका वर बसतो आणि आत शिरतच नाही. मला डोळ्यांपेक्षा कानानं जमलं. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा सलग, एकसारखा आवाज आला की टाका नीट बसतोय. तडतड करून थांबला की कुठंतरी गंज नाही तर रंग राहिलाय. घासा पुन्हा.

आता माझ्या हातून झालेल्या मोठ्या चुकीबद्दल सांगते, कारण अशी गाडी हाती घेणाऱ्याला त्याचाच उपयोग जास्त होईल.

उन्हाळ्यात मी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवली. चेसिसच्या पुढच्या टोकाला दोन घोड्या, मागच्या टोकाला दोन. काम करायला मोकळी जागा हवी म्हणून दारं काढून भिंतीला उभी केली. मग डावा उंबरा कापला. आतून निघालं ते सांगायलाही नको वाटतं: लांबी, त्याखाली जाळी, जाळीखाली वर्तमानपत्राचे बोळे आणि सगळ्यात खाली जुन्या पत्र्याचा तांबडा भुगा. हा उंबरा मुळात तीन पत्र्यांचा असतो. आतला, मधला मजबुतीचा आणि बाहेरचा दिसणारा. मधला पत्रा पूर्ण नाहीसा झाला होता. मी तिन्ही नवे घेतले आणि प्रत्येक शनिवारी थोडं थोडं करत तीन महिन्यांत बसवले. वेल्डिंग घासून सपाट केलं, झिंक प्रायमर मारला. छान दिसत होतं.

ऑक्टोबरमध्ये दार बसवलं आणि ते लागेना. वरच्या कोपऱ्यात मागच्या खांबाला घासत होतं आणि खाली करंगळी जाईल एवढी फट. बिजागऱ्या सैल करून, वर-खाली करून दोन आठवडे घालवले. दार सरकलं, पण फटीचा तिरकेपणा काही गेला नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा राहायचे. पंधराव्या वर्षी कॅनलीच्या कारखान्यात लागलेले आणि १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत तिथंच असलेले. उघड्या गॅरेजसमोरून रोज कुत्र्याला फिरवायचे, पण कधी डोकावले नव्हते. त्या दिवशी मी दारापाशी नुसतीच उभी होते. ते आत आले, फटीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘दारं काढून कापलंत का?’

हो म्हटलं.

‘मग ती मधे बसली.’

हेराल्डच्या चेसिसला बाजूंनी लोखंडी आधार असतात, त्यावर बॉडीचं वजन पडतं. स्पिटफायर बुटकी करताना ते आधार काढून टाकले. तिची चेसिस म्हणजे मधोमध जाणारा कणा, बाजूला काही नाही. बाजूचं सगळं बळ उंबऱ्यांत. टप नसलेली गाडी आणि मधे दाराएवढी दोन भगदाडं, त्यामुळं पुढचा आणि मागचा भाग खऱ्या अर्थानं जोडून धरतात ते हे दोन उंबरेच. मी एक कापला तेव्हा दुसरा आधीच कुजलेला होता. दोन टोकांना घोड्या असल्यामुळं गाडी मधोमध खचली आणि खचलेल्या अवस्थेतच मी तिला पक्कं वेल्ड करून टाकलं. पुस्तकात दारं लावून ठेवा असं लिहिलेलं मी वाचलंही होतं. का, ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून सोडून दिलं.

ते केलेलं सगळं मी पुन्हा कापलं. त्या दिवशी बाबांना फोन केला तेव्हा मला रडू आलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘किती मिलिमीटर खचलीय ते मोजलंस का?’ मोजलं नव्हतं. मोजलं तेव्हा सात भरलं.

दुसऱ्यांदा असं केलं. घोड्या चेसिसच्या टोकांखालून काढून चाकांच्या जवळ घेतल्या. दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आधार बसवला, एक टोक बिजागरीच्या भोकांना, दुसरं कुलपाच्या खांबाला, आणि मधे ताण कमीजास्त करता येईल असा फिरकीचा स्क्रू. स्क्रू फिरवत फिरवत चौकट पुन्हा उघडली. एका दमात नाही, रोज अर्धा फेरा. वर, खाली आणि दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहायचे. मग दार लटकवलं, पाच मिलिमीटरची प्लायची पट्टी फटीतून चारी बाजूंनी सरकवून पाहिली, आणि ती सगळीकडून गेल्यावर मगच टाके. टाक्यांनंतर दार पुन्हा लावून बघायचं, मगच पूर्ण वेल्ड. डावी बाजू शंभर टक्के झाल्याशिवाय उजवीला हात लावला नाही. कारखान्यातसुद्धा बॉडी चेसिसवर ठेवली की दाराची फट बघून मधे पत्र्याचे वायसर घालत, हे मला गल्लीतल्या आजोबांनीच सांगितलं. माझ्या गाडीच्या मूळ बोल्टांखाली ते वायसर अजून होते. एका जागी दोन, एका जागी एक. कुणाच्या हातचे कोण जाणे.

उजव्या बाजूला आणखी एक गोष्ट सापडली आणि तिनं मी खरंच घाबरले. मागचं चाक पुढं-मागं हलू नये म्हणून एक दांडा असतो, रेडियस आर्म. स्पिटफायरमध्ये तो चेसिसला नाही, सीटमागच्या बॉडीच्या पत्र्याला जोडलेला असतो. तो पत्रा उंबऱ्याच्या शेवटाला लागून. माझ्या गाडीत तिथं लांबीवर काळं डांबरी रसायन फासलेलं होतं आणि बोल्ट स्क्रूड्रायव्हरनं ढकलताच हलला. या गाडीत कुणीतरी माणसं बसवून मोटरवेवर नेत होतं. गंज लपवणाऱ्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून जराही सहानुभूती नाही. पैसे नसतील तर गाडी उभी ठेवा, पण झाकू नका.

मग २०२० उजाडलं आणि सगळे घरात अडकले. मिरजेत बाबा एकटे, इथं आम्ही. शनिवारी इथले सकाळचे दहा म्हणजे तिकडं दुपारचे अडीच-साडेतीन. बाबांचं जेवण, वामकुक्षी झालेली. लेक फोन धरून उभी राहायची आणि मी काम करायची. बाबा चष्मा कपाळावर ढकलून फोन नाकाशी धरायचे. बऱ्याचदा त्यांचा नुसता कान, नाहीतर छताचा पंखाच दिसायचा, पण ऐकत मात्र सगळं.

पुढचं सस्पेन्शन उघडलं त्या शनिवारी लेकीनं फोन जवळ नेला. मी म्हटलं, ‘बाबा, चाकाच्या खालच्या सांध्यात पितळेचा एक ठोकळा आहे, त्यात उभा दांडा आट्यांवर फिरतोय.’

‘ट्रनियन,’ बाबा लगेच म्हणाले. ‘त्यात ग्रीस नाही घालायचं हं. तेल. नव्वद नंबरचं, गिअरचं. आमच्या मिस्त्रींनी त्याच्यासाठी वेगळी गन ठेवली होती, तिला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.’

पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि त्यांना तेलाचा नंबरही आठवत होता. ते अगदी बरोबर होतं. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या ठोकळ्यात आट्यांवर थोडा वर-खाली होतो. ग्रीस घातलं तर ते खालपर्यंत उतरत नाही, आत पाणी साचतं, लोखंडी दांडा आट्यांपाशी गंजतो आणि एखाद्या दिवशी तिथंच तुटतो. मग चाक आडवं पडतं. माझ्या गाडीतून निघालं ते वाळून खडू झालेलं ग्रीस. उजवा दांडा घासल्यावर आट्यांच्या तळाशी काळे खड्डे दिसले. दोन्ही बाजूंचे दांडे आणि ठोकळे नवे घेतले. एका बाजूचे आटे सरळ आणि दुसऱ्या बाजूचे उलटे असतात, त्यामुळं अदलाबदल होत नाही. जुना डावा ठोकळा मात्र मी टाकला नाही. घासून पुसून खिडकीत ठेवलाय.

मागच्या कमानपाट्यावर मी फार शब्द खर्चत नाही. आडवा पाटा, डिफरन्शियलच्या डोक्यावर बसतो, जड आहे, दोघांनी उचलावा. ब्रेकचे पाइप सगळे नवे, तांबे-निकेलचे, म्हणजे गंजायची भीती नाही. मागच्या ड्रममधली जुनी धूळ मात्र हवेच्या झोतानं उडवू नये. त्या काळच्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसावी आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं.

इंजिनचं काम सांगण्यासारखं आहे. १,२९६ सीसी, चार सिलिंडर, हेराल्डच्याच घराण्यातलं. या इंजिनांची एक ओळखीची खोड आहे: क्रँकशाफ्टला पुढं-मागं सरकू न देणारे दोन अर्धचंद्राकृती वायसर झिजतात आणि झिजता झिजता खाली ऑइलच्या चेंबरमध्ये गळून पडतात. मग शाफ्ट थेट इंजिनच्या ब्लॉकवर घासू लागतो आणि ब्लॉक भंगारात जातो. तपासायला काही उघडावं लागत नाही. एकानं क्लच दाबायचा, दुसऱ्यानं पुढची पुली बघायची. लेकीनं क्लच दाबला आणि पुली डोळ्यांना दिसेल एवढी पुढं आली. चालतं ते मिलिमीटरचा एक-दोन दशांश. खाली चेंबर उघडलं तर एक वायसर गाळात पडलेला, दुसरा अजून जागेवर. ब्लॉक वाचला होता. थोडक्यात वाचला.

बोअरिंग आणि क्रँक घासायचं काम बाहेर दिलं. सहा आठवडे सांगितले होते, सात महिने लागले, आणि परत आलं तेव्हा ऑइलच्या वाटांमध्ये लोखंडाचा कीस तसाच होता. मी त्या वाटा ब्रशनं आणि पॅराफिननं तीनदा धुतल्या. बाहेरून आलेलं काम कितीही स्वच्छ दिसलं तरी पुन्हा धुवावं, असं माझं ठाम मत झालंय.

वायरिंग हा माझा आनंदाचा भाग. लुकास ही गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी ब्रिटिश कंपनी, तिच्या पद्धतीत वायरच्या प्रत्येक रंगाला अर्थ आहे. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्याच्यापुढं फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून पण कायम चालू, निळी मोठ्या दिव्यांची, तांबडी छोट्या दिव्यांची, काळी अर्थिंगची. बाबांना हे रंग मी वाचून दाखवायला लागले तर पुढचे त्यांनीच म्हटले. मद्रासला १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि आपल्याकडच्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या हेच रंग पाठ करत मोठ्या झाल्या. मी दिव्यांसाठी दोन रिले, म्हणजे जास्त करंट सोसणारे वेगळे स्विच, लपवून बसवले, कारण मूळ पद्धतीत दिव्यांचा सगळा करंट त्या नाजूक स्विचमधून जातो आणि स्विच तापतो. काही जाणकारांना हे आवडत नाही. गाडी १९७४ मध्ये होती तशीच हवी, असं ते म्हणतात. मला रात्री रस्ता दिसायला हवा. पेट्रोलच्या नळ्यांचंही तेच. इथं सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. जुनं रबर त्यानं फुगतं, चिरतं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि पेट्रोलही कमी इथेनॉलचं भरते.

रंगाचा निर्णय गाडीनंच दिला. डॅशबोर्ड काढला तेव्हा त्यामागचा पत्रा पिवळाधमक होता. गाड्यांच्या वस्तुसंग्रहालयाकडून गाडीच्या जन्माचा दाखला मागवता येतो, त्यावरही तेच नाव आलं: मिमोसा. मोहरीच्या शेतावर ऊन पडावं तसा पिवळा. प्रायमरपर्यंतचं सगळं मी केलं. पाणी-पेपर घासून घासून बोटांचे ठसे पुसले गेले आणि ऑफिसचं दार अंगठ्याचा ठसा घेईना. शेवटचा रंग मात्र बूथमध्ये मारून घेतला. त्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं, ते फवारताना बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घरच्या गॅरेजमध्ये, तेही लेक आजूबाजूला असताना, तो धोका घ्यायचा नव्हता.

मे २०२३. इंजिन बसलं, प्लग काढून स्टार्टर फिरवला, ऑइलचा दिवा विझला. प्लग लावले. फोनवर बाबा. किल्ली फिरवली तर इंजिन पेटेना. दोनदा खोकलं आणि कार्ब्युरेटरमधून धडाम करून ज्वाळ बाहेर आली. लेक मागं पळाली. मी टायमिंगचं निशाण पुन्हा पाहिलं, बरोबर होतं. सिलिंडर पेटायचा क्रम एक-तीन-चार-दोन, त्याप्रमाणं वायरी बरोबर होत्या.

‘एक नंबरचा पिस्टन वर आहे ना?’ बाबांनी विचारलं.

‘आहे.’

‘वर तर तो दोनदा येतो, बाळ. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत का बघ. रॉकर हातानं हलतायत का?’

झाकण काढलं. हलत नव्हते. डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा उलटा बसवला होता मी. फिरवून बसवला, निशाण लावलं, किल्ली फिरवली. पहिल्याच फेऱ्याला इंजिन धरलं. तिकडून बाबा काहीतरी बोलत होते, ते ऐकूच आलं नाही.

चाळीस वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला इथं वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरी मी करून घेतली. माझ्या वेल्डिंगवर दुसऱ्या कुणीतरी टॉर्च टाकावा, असं मला वाटत होतं. तपासणाऱ्यानं गाडी लिफ्टवर घेतली, उंबऱ्यांवर प्लास्टिकची हातोडी टकटक वाजवत शेवटपर्यंत गेला, आणि काही न बोलता सही केली.

पहिली फेरी कॅनलीची. कारखाना पाडून टाकलाय. तिथं आता दुकानं आणि ऑफिसं आहेत, पण एका रस्त्याचं नाव हेराल्ड ॲव्हेन्यू आहे. बाजूच्या सीटवर गल्लीतले आजोबा होते. मिरजेच्या चार दारांच्या हेराल्डबद्दल मी त्यांना वाटेत सांगितलं, कारण चार दारांची हेराल्ड फक्त भारतात बनली. कॅनलीत एवढी वर्षं काढून त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. माझ्या आजोबांच्या दवाखान्यासमोरचा त्या गाडीचा फोटो फोनवर दाखवला, तर मागचं दार मोठं करून बराच वेळ बघत बसले आणि विचारलं, ‘फट कशी होती?’

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात. मला वाटलं होतं आधी चक्कर मारूया म्हणतील. ते गाडीला एक वळसा घालून आले, दार एकदा उघडलं, एका बोटानं लोटलं, ते लागलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं. मग बोनेट उघडायला सांगितलं. मी नको म्हणेपर्यंत ते पुढच्या टायरवर बसलेसुद्धा, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून चाकाच्या आतल्या बाजूला बघत राहिले.

‘तेल कधी घातलंस इथं?’

‘मार्चमध्ये घातलंय, बाबा.’

‘गन आण,’ ते म्हणाले.